वीज नाही म्हणून अपात्र

सौर अनुदानाचे नियम लिहिणाऱ्या साहेबांस,


आमचा धनगरवाडा सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. विजेचे खांब पायथ्याच्या गावात येऊन थांबले. वर यायचं तर मधे फॉरेस्टची हद्द, आणि त्या परवानगीचा कागद कुठल्या टेबलावर आहे हे माझ्या वडिलांनाही कधी कळलं नाही. शेवटी म्हशी विकल्या आणि पॅनेल, बॅटऱ्या, इन्व्हर्टर असं सगळं पदरच्या पैशानं बसवलं. दिवे लागतात, पंखा फिरतो. मिक्सर लावायचा तर आधी आभाळाकडे बघावं लागतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये तुमची सूर्यघर योजना आली. 75,021 कोटींचा खर्च, एक कोटी घरं. छतावरच्या पॅनेलला अनुदान: पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, जास्तीत जास्त 78 हजार. आमच्या बॅटऱ्या तेव्हा बसायला आल्या होत्या, पॅनेलही वाढवायचे होते. वाटलं, ही योजना आपल्यासाठीच आहे. सूर्य आमच्याकडे, घर आमचं, गरज आमची.

अर्जात वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक मागितला होता. तालुक्याच्या कार्यालयातल्या साहेबांना म्हटलं, आमच्याकडे बिलच येत नाही. ते म्हणाले, "आधी कनेक्शन घ्या, मग सोलरचं बघू." कनेक्शन मिळत असतं तर आम्ही म्हशी कशाला विकल्या असत्या?

घरी आल्यावर नियम नीट वाचून घेतले. अनुदान फक्त ग्रीडला जोडलेल्या यंत्रणेला. अर्ज, वीज कंपनीची मंजुरी, नोंदणीकृत विक्रेता, नेट मीटर, तपासणी, मग खात्यात पैसे. ज्याच्या दारात लाइन आहे त्याचं बिल शून्यावर यावं म्हणून सरकार पैसे देणार. ज्याच्या दारात लाइनच नाही त्यानं आपलं आपण बघावं. खरं तर खर्च आमचाच जास्त. लाइनवाल्याला रात्रीची वीज ग्रीड देते, आम्हाला ती बॅटरीत साठवावी लागते. आषाढात धुकं उतरलं की दिवस-दिवस ऊन नाही, म्हणून पॅनेलही जास्त लागतात. लेड-ॲसिड बॅटरीत वेळेवर पाणी टाकलं तरी चार-पाच वर्षांत ती बदलावी लागते.

नियमामागचं कारण मला कळतं. मीटर नसेल तर पॅनेल खरोखर बसले की फक्त कागदावर, हे कसं तपासायचं? शंका रास्त आहे. पण मग खालच्या शिवारातल्या माझ्या चुलतभावाचं काय? त्याच्या विहिरीवर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला पंप आहे. ग्रीडचा संबंध नाही. त्यानं दहा टक्के भरले, बाकीचे केंद्रानं आणि राज्यानं. पंप चालतो की नाही हे दुरून कळवणारी यंत्रणा त्याला बसवलेली आहे. आणि त्या योजनेची अट काय, तर विहिरीवर आधीची वीजजोडणी नसावी! म्हणजे वीज नसणं ही विहिरीची पात्रता आणि घराची अपात्रता. साहेब, तुमच्या लेखी आमच्यापेक्षा विहिरीची पत मोठी, हे वाचून फार लागलं.

घरांनाही तुम्ही हे दिलेलं आहे. 2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये बॅटरीवरच्या यंत्रणांना अनुदान होतं. सौभाग्य योजनेत दुर्गम घरांना पॅनेल, बॅटरी, पाच दिवे आणि एक पंखा मिळाला. आज पीएम-जनमन योजनेत लाइन न पोचणाऱ्या आदिम जमातींच्या घरांना सौर संचासाठी 50 हजारांपर्यंत तरतूद आहे. कातकरी, कोलाम, माडिया घरांत त्यातून उजेड होत असेल तर त्याचा मला आनंदच आहे, वाटेकरी व्हायचं नाही. पण ग्रीडबाहेरही माणसं राहतात हे तुम्हाला माहीत आहे, एवढं त्यावरून सिद्ध होतं. मग आम्ही राहिलो कसे?

28 एप्रिल 2018 ला मणिपूरच्या लैसांग गावात वीज पोचली आणि देशात अंधारातलं एकही गाव उरलं नाही असं जाहीर झालं. गावातल्या शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक जागांत आणि दहा टक्के घरांत वीज आली की गाव विद्युतीकरण झालेलं धरतात. आमचा वाडा महसुली नकाशावर पायथ्याच्या गावात मोडतो. त्या हिशेबात आमच्याकडे कधीच लाइट आली आहे.

फुकट काही मागत नाही. ज्या घरापर्यंत लाइन येणं शक्य नाही, तसा दाखला वीज कंपनीनं लेखी द्यावा आणि ग्राहक क्रमांकाऐवजी तो धरावा. पंपाला लावता तशी दुरून तपासायची यंत्रणा आमच्या इन्व्हर्टरलाही लावा. आणि शहरातल्या बंगल्याला देता तेवढेच किलोवॉटमागे 30 हजार आम्हाला द्या. दाखला देणं जमत नसेल, तर खांब तरी वर आणा.

आपला,
वाड्यावरचा एक घरमालक