गोधड्यांचा स्टुडिओ

मागच्या सुट्टीत मी रत्नागिरीला बहिणीकडे गेलो होतो. पाहतो तर भाची घुश्श्यात! तिची आजी गावाहून आली होती. आजीला जात्यावरच्या कितीतरी ओव्या तोंडपाठ, पण एकही कुठे लिहून ठेवलेली नाही. आता मधेच एखादी ओळ आठवेनाशी होते. म्हणून भाचीनं त्या मोबाइलवर रेकॉर्ड करायचं ठरवलं.

"मामा, ऐक ना! आजी विहिरीत बसून गातेय असं वाटतंय. अर्धे शब्द कळतच नाहीत. मोबाइल बिघडलाय का?"

मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि एक टाळी वाजवली. टाळीमागोमाग 'टर्रर्र' असा बारीक आवाज आला. चोर सापडला! मोबाइल ठीक होता, घुमत होती ती खोली.

असं का होतं? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. खोली तीन मीटर रुंद असेल, तर एका सेकंदात तो शंभराहून जास्त वेळा या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटू शकतो. गुळगुळीत गिलाव्याची भिंत दर वेळी शंभरातले दोन-तीनच भाग गिळते, बाकीचा आवाज परत पाठवते. मग पहिला शब्द विरायच्या आत दुसरा येतो आणि होते खिचडी!

उपाय काय? आवाज गिळणारं काहीतरी खोलीत आणायचं. आकाशवाणीच्या स्टुडिओत भिंतींना भोकाभोकांचे तक्ते आणि त्यामागे मऊ थर असतो, तो यासाठीच. पण बहिणीचं घर भाड्याचं. खिळा ठोकायचीसुद्धा चोरी!

अशीच पंचाईत एका प्राध्यापकांची झाली होती बरं का. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमचं व्याख्यानगृह नवंकोरं होतं, पण तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. १८९५ मध्ये हे कोडं वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकांकडे आलं. त्यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. थोड्या थोड्या गाद्या मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि घुमारा किती वेळ टिकतो ते मोजायचं. सकाळच्या आत गाद्या पुन्हा जागच्या जागी! गाद्या वाढल्या की घुमारा घटतो, हे त्यांनी आकड्यांत मांडलं. त्याच गणिताच्या आधारे बांधलेलं बॉस्टनचं सिम्फनी हॉल १९०० साली सुरू झालं. आवाज शोषण्याच्या मापाला आज 'सॅबिन' म्हणतात.

मग आम्हीही गाद्याच शोधल्या. तुम्हीही करून पाहा.

साहित्य : कपडे वाळत घालायचे दोन घडीचे स्टँड, चार जाड गोधड्या, एक सतरंजी, कपड्यांचे चिमटे. (गोधड्या आईला विचारूनच घ्या!)

१. फरशीवर सतरंजी अंथरा. गाणाऱ्यानं त्यावर बसायचं.

२. एक स्टँड गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दुसरा समोर, थोडा तिरका ठेवा. प्रत्येकावर दोन-दोन गोधड्या टाकून चिमटे लावा. स्टँड कलंडू नये म्हणून पायांवर वजन ठेवा. निरांजन, उदबत्ती, इस्त्री जवळपास नको.

३. स्टँड भिंतीला चिकटवू नका, निदान वीतभर पुढे ठेवा. भिंतीला लागून हवा फारशी हलत नाही. थोडं पुढे ती जास्त हलते, कापडाच्या धाग्यांत घासते आणि आवाजाची शक्ती उष्णतेत जिरते. तरी जाड, खर्जातला आवाज गोधडीला फारसा जुमानत नाही, हे लक्षात ठेवा.

४. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, पण जरा बाजूला ठेवा, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट येणार नाही. खाली घडी केलेला टॉवेल. पंखा बंद.

आता पुन्हा टाळी. 'टर्रर्र' गेलं! आधीची आणि नंतरची टाळी रेकॉर्ड करून ठेवा, फरक तुम्हालाच कळेल.

पण एक गोष्ट गोधड्यांना जमत नाही. खोलीतला घुमारा त्या कमी करतात, बाहेरचा आवाज मात्र अडवत नाहीत. रिक्षाचा हॉर्न, कौलांवरचा पाऊस आत येणारच. तो थांबवायला जड आणि फटी नसलेली भिंत लागते. त्यावर आमचा उपाय साधा होता : पहाटे पाचला उठायचं. भाचीनं कुरकुर केली, आजीनं नाही. जात्यावर बसायची तिची वेळ तीच होती ना!

कोकणात तर असा सुटा स्टुडिओच बरा. पावसाळ्यात भिंतीला चिकटवलेल्या फोमला दमटपणानं बुरशी धरू शकते. गोधडी कधीही काढून उन्हात टाकता येते.

त्या पहाटे आजीनं अकरा ओव्या म्हटल्या. समोर जातं नव्हतं, तरी तिचा उजवा हात गोल गोल फिरत होता. रेकॉर्डिंग लावलं तर प्रत्येक शब्द स्वच्छ, आणि सोबत बांगड्यांची किणकिण! आधीच्या घुमाऱ्यात ती कुणाला ऐकूच आली नव्हती.

आजी म्हणाली, "पोरी, उद्याही उठव हो. अजून पुष्कळ आहेत."

तुमच्या घरी कोणाला काय काय पाठ आहे? एखादी पहाट धरा आणि विचारा तर खरं!