अनवाणी पायांची सोयीस्कर दंतकथा

१/ येत्या ११ जूनला फुटबॉलचा विश्वचषक सुरू होतो आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतील बरेचसे सामने आपल्याकडे रात्री उशिरा किंवा पहाटे दिसतील. चाकणच्या कारखान्यांतले माझे मित्र आतापासूनच पाळ्यांची अदलाबदल ठरवू लागले आहेत. दर चार वर्षांनी उगवणारा तो संदेशही येऊन पोहोचला आहे : १९५० साली भारत पात्र ठरला होता, पण खेळाडू अनवाणी म्हणून फिफाने खेळू दिले नाही. हे खोटे आहे. आणि फार सोयीचे खोटे आहे. #धागा

२/ घडले ते असे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे निसटते हरले. १९५० मध्ये आशियातील इतर संघांनी माघार घेतली, त्यामुळे ब्राझीलचे दार न खेळताच उघडले. स्वीडन, इटली, पॅराग्वे यांच्या गटात आपले नावही लागले. मग आपल्याच महासंघाने संघ पाठवला नाही. सांगितलेली कारणे : सरावाला अपुरा वेळ, संघनिवडीवरून मतभेद. पदाधिकाऱ्यांच्या लेखी ऑलिंपिक हेच सर्वस्व होते. विश्वचषकाचे मोल त्यांना उमगलेच नव्हते. त्या पिढीचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीही पुढे हेच सांगितले.

३/ पुरावा हवा? १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. युगोस्लाव्हियाविरुद्ध आपले अनेक खेळाडू पुन्हा अनवाणीच उतरले आणि संघ १०-१ असा हरला. बूट सक्तीचे झाले ते त्यानंतर. १९५० मध्ये ज्या पायांना बंदी होती म्हणतात, ते दोन वर्षांनी ऑलिंपिकच्या मैदानावर पोहोचले कसे?

४/ तरीही ही कथा टिकते, कारण तिच्यात कुणीच दोषी नाही. दोष गरिबीचा, दोष परक्या नियमाचा. ज्यांनी निर्णय घेतला त्यांची नावे कुणी विचारत नाही. आणि हा 'बिचारा' देश १९५१ व १९६२ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकत होता! १९५६ ला मेलबर्नमध्ये गोव्यातील आसगावच्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला.

५/ आपल्या पट्ट्यातही अशीच एक दंतकथा आहे : इकडे फुटबॉलला माणूसच नाही. वाकडहून मुळा ओलांडली की बालेवाडीचे क्रीडासंकुल. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरलेला पुणे एफसी इथलाच. वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून निगडीहून तिथे गेल्याचे मला आठवते. सामना कुणाशी होता ते मात्र विसरलो. तो संघ मालकांनी गुंडाळला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम टिकला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. तोही २०१० मध्ये बंद झाला. त्याच महिंद्रांच्या गाड्या आज चाकणला तयार होतात.

यांतला कोणताही संघ प्रेक्षकांनी मतदान करून बंद केलेला नाही. गर्दी तोकडी होती म्हणाल, तर गर्दी जमायला वर्षे लागतात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा सामना पाहा. ती गर्दी पिढ्यांची आहे, आणि त्यातलीच कितीतरी पोरे आज भोसरीत आणि चाकणला खोली करून राहतात. माणसे इथे आहेत, संघ नाही.

६/ यंदा प्रथमच ४८ संघ आहेत. भारत जून २०२४ मध्येच बाहेर पडला. दोहात कतारविरुद्ध चेंडू सीमारेषेबाहेर जाऊनही गोल दिला गेला, हे खरे. पण पाच दिवस आधी कोलकात्यात कुवेतला हरवता आले नव्हते, त्याचे काय? आता पंच हे आपले नवे बूट झाले आहेत. यंदा पात्र ठरलेल्या कुरासाओची लोकसंख्या सुमारे दीड लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती.

७/ तेव्हा ब्राझीलचा झेंडा खुशाल लावा, मीही अर्जेंटिनासाठी जागणार आहे. फक्त तो संदेश पुढे ढकलू नका. आणि एक विनंती : तुमच्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या कारखान्याचा फुटबॉल संघ होता का? जुना फोटो, प्रमाणपत्र, जर्सी, काहीही असेल तर खाली लिहा. तो संघ कोणत्या वर्षी बंद झाला आणि कुणी केला, हेही घरी विचारून या.