‘नॉम द प्लूम’: इंग्रजांनी घडवलेले फ्रेंच

इंग्रजी समीक्षेत टोपणनावासाठी ‘नॉम द प्लूम’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. प्लूम म्हणजे पीस आणि त्यावरून पिसाची लेखणी. म्हणजे हे ‘लेखणीचे नाव’. वर्गात तो आला की ‘मूळचा फ्रेंच’ एवढे सांगून आम्ही पुढे सरकत असू. ते अर्धसत्य होते. शब्द फ्रेंच, पण त्यांची जुळणी इंग्रजांची.

फ्रेंचमध्ये होता तो ‘नॉम द गेर’, म्हणजे युद्धनाम. जुन्या फ्रेंच सैन्यात भरती झालेला शिपाई असे नाव धारण करी व पलटणीत त्याच नावाने ओळखला जाई. पुढे नट आणि लेखक यांच्या घेतलेल्या नावांनाही तोच शब्द लागला. इंग्रजीनेही आधी तोच उचलला होता. पण घरात बसून कादंबऱ्या लिहिणाऱ्याला युद्धनाम कसे शोभावे, असे वाटून की काय, एकोणिसाव्या शतकात त्याच साच्यात ही नवी संज्ञा ओतली गेली. हेन्री फाउलर यांनी १९२६च्या आपल्या कोशात तिच्याविषयी नापसंती नोंदवली. तिला पर्याय म्हणून सुचवला जाणारा ‘पेन-नेम’ हा शब्द मात्र तिचेच भाषांतर!

बनावट म्हणून ही संज्ञा त्याज्य ठरवावी, असे आम्हांला वाटत नाही. उसन्या मालातून नवे घडवण्याचा अधिकार प्रत्येक भाषेला आहे. आमची तक्रार निराळीच आहे. या अदलाबदलीत लढाई हरवली. शार्लट ब्रॉन्टे यांची ‘जेन एअर’ १८४७ मध्ये ‘करर बेल’ या नावाने आली. लेखिकांकडे पूर्वग्रहाने पाहिले जाते, अशी आपली भावना होती, असे त्यांनी १८५० मध्ये स्वतःच नमूद केले. ऑरोर द्युपँ यांनी १८३२ मध्ये ‘इंदियाना’साठी ‘जॉर्ज साँद’ हे नाव घेतले. अशा नावांना युद्धनामच म्हणावे.

उलट गडकरी कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम होतात, तेथे युद्ध नाही, घर बदलणे आहे. मराठीत दोहोंना टोपणनावच, आणि घरच्या लाडक्या नावालाही तेच. (लेखणीलाही टोपण असते, हा योगायोग आम्हांला मनापासून आवडतो.)

गंमत अशी, की आता फ्रेंचमध्येही ‘नॉम द प्लूम’ वापरले जाते. तेव्हा उत्तरपत्रिकेत ‘मूळचा फ्रेंच’ लिहिणाऱ्याचे गुण कापताना आमचा हात थोडा अडखळतो.