लाइनबॅकर खेळाडूंचे मागणीपत्र

प्रति,
नॅशनल फुटबॉल लीगचे आयुक्त व सर्व क्लबमालक यांस

विषय : लाइनबॅकर खेळाडूंचे वेतन, वर्गवारी व निवृत्तीनंतरचे संरक्षण याबाबत.

महोदय,

2020 चा सामूहिक करार 2030 च्या हंगामापर्यंत लागू आहे. पुढच्या वाटाघाटींआधी आम्ही आजी-माजी लाइनबॅकर आमचे म्हणणे लेखी मांडत आहोत. लाइनबॅकरचे शरीर उमेदीच्या वर्षांत झिजते आणि नेमक्या त्याच वर्षांत त्याचा मोबदला बांधून ठेवलेला असतो. सगळ्या तक्रारींचे मूळ हेच आहे.

आधी कामाचे स्वरूप पाहा. बचावातल्या एका खेळाडूला 2008 पासून हेल्मेटमध्ये रेडिओ मिळतो. मागचा हिरवा ठिपका ही त्याची खूण, आणि तो बहुधा मधल्या लाइनबॅकरच्याच डोक्यावर दिसतो. चाल सुरू करण्याच्या घड्याळात 15 सेकंद उरले की प्रशिक्षकाचा आवाज तुटतो. मग प्रतिस्पर्ध्यांची मांडणी वाचायची, ओरडून सहकाऱ्यांच्या जागा बदलायच्या आणि चेंडू हलताच तीनशे पौंडांच्या ब्लॉकरला भिडायचे. 2021 पासून साखळी सामनेही 16 चे 17 झाले.

आता कराराची मुदत. ड्राफ्टमधून आलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि रक्कम निवडीच्या क्रमांकाने ठरते. तीन हंगाम होईपर्यंत फेरबोलणी करता येत नाहीत. पहिल्या फेरीतल्याला क्लब पाचव्या वर्षासाठी अडवू शकतो आणि पुढे फ्रँचायझी टॅग लावून ठरावीक रकमेच्या एका वर्षाच्या करारावर रोखूही शकतो. बाविशीत आलेला खेळाडू अशाने सत्ताविशीपर्यंत खुल्या बाजाराबाहेर राहतो. ल्यूक कीक्ली 28 व्या वर्षी निवृत्त झाले, पॅट्रिक विलिस 30 व्या. त्यांना मोठे करार तरी मिळाले होते. सामान्य खेळाडूच्या वाट्याला दुसरा करार येईलच असे नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

1. वर्गवारी वेगळी करा. क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा बाहेरचा लाइनबॅकर आणि मधला लाइनबॅकर यांना टॅगसाठी एकाच खान्यात टाकले जाते. बाहेरच्यांच्या पगारांमुळे टॅगचा आकडा फुगतो, म्हणून मधल्याला टॅग लावणे क्लबांना परवडत नाही. पूर्वी बाहेरच्यालाही तेच काम करणाऱ्या डिफेन्सिव्ह एंडपेक्षा टॅगमध्ये कमी मिळत असे. 2008 मध्ये टेरेल सग्ज यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि दोन रकमांमधल्या आकड्यावर तडजोड झाली. एकाला मिळालेली तडजोड सर्वांसाठी नियम व्हावी.

2. फेरबोलणीची मुभा दोन हंगामांनंतर द्या.

3. सराव पथकातले आठवडे निवृत्तिवेतनाच्या पात्रतेत धरा. जेम्स हॅरिसन यांना 2002 च्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतले नाही, पुढे अनेकदा संघातून काढले. तेच 2008 चे सर्वोत्तम बचावपटू ठरले. अशी उमेदवारी करणाऱ्यांच्या जिवावर सराव चालतो, पण त्यांची ती सगळी वर्षे हिशेबात येत नाहीत.

4. मेंदूच्या धोक्यामुळे खेळ सोडणाऱ्याकडून बोनस परत घेऊ नका. ख्रिस बोरलँड 2015 मध्ये एकाच हंगामानंतर, 24 व्या वर्षी बाहेर पडले आणि साइनिंग बोनसचा बहुतांश भाग त्यांना परत करावा लागला. शहाणपणाच्या निर्णयावर दंड बसत असेल, तर दुखापत लपवून खेळणेच फायद्याचे ठरते.

5. मेंदूची तपासणी व उपचार आजन्म द्या. पात्र खेळाडूला निवृत्तीनंतर पाच वर्षे आरोग्य विमा मिळतो. सीटीई हा मेंदूचा आजार मात्र वर्षानुवर्षे आत वाढतो आणि त्याचे खात्रीचे निदान मृत्यूनंतरच होते. वीस हंगाम खेळलेल्या ज्युनियर सेऊ यांचे 2012 मध्ये निधन झाले. सीटीईचे निदान त्यानंतरच्या तपासणीत झाले.

वेतनमर्यादेमुळे हे जमणार नाही, असे उत्तर येईल. पहिल्या दोन मागण्यांनी एकूण मर्यादा वाढत नाही, फक्त तिच्या आतली वाटणी बदलते. उरलेल्या तीन मागण्यांना खर्च येईल, हे आम्हाला मान्य आहे. तो खेळाडूंच्या वाट्यातून न कापता क्लबांनी स्वतंत्रपणे उचलावा. सतरावा सामना वाढला त्याचे उत्पन्न क्लबांनाही मिळते. त्या सामन्यातला मार मात्र एकटा खेळाडू खातो.

प्रत्येक मागणीवर स्वतंत्र लेखी उत्तर मिळावे. त्याआधी साखळीत अठरावा सामना वाढवण्याच्या प्रस्तावावर आमची संमती गृहीत धरू नये.

आपले विश्वासू,
आजी-माजी लाइनबॅकर खेळाडूंच्या संघटनेची कार्यकारिणी