झुडपी जंगल आणि नंद गवळी

सरकारी दप्तरात जमिनीला जे नाव मिळते, त्यावरून तिच्यावर जगणाऱ्यांचे भवितव्य ठरते. पूर्व विदर्भातील 'झुडपी जंगल' हे याचे बोलके उदाहरण होय. खुरट्या झुडपांची व गवताची ही माळराने महसुली नोंदींत या नावाने ओळखली गेली. गुरे चारणे हाच त्यांचा मुख्य उपयोग. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार या वनजमिनीच आहेत, असा निर्णय दिला. माळराने इतर कामांसाठी सहजासहजी दिली जाणार नाहीत, ही समाधानाची बाब. परंतु वर्धा जिल्ह्याच्या आर्वी व कारंजा तालुक्यांतील नंद गवळ्यांचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही.

या समाजाने गवळाऊ हा पांढरा, चपळ गोवंश पिढ्यान् पिढ्या जोपासला. विकतची पेंड नव्हे, तर माळावरची चराई हा या व्यवसायाचा आधार. दूध बाजारात जाते, शेणखत शेतात जाते. परंतु ज्या गवतावर हे सारे उभे आहे त्याला बाजारभाव नाही, म्हणून ते हिशेबातही नाही. शासनाच्या लेखी माळ म्हणजे पडीक जमीन. मग तेथे झाडे लावणे हा विकास ठरतो आणि रोपवनाभोवती कुंपण पडले की गवळ्याचे भांडवलच जप्त होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. मात्र आदिवासींत गणना नसलेल्या गवळ्यांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांची संपत्ती चार पायांवर फिरते, त्यांनी कागद कोठून आणावेत?

अनिर्बंध चराईने माळ उजाड होतो, हा आक्षेप खोटा नव्हे. परंतु कुरण आळीपाळीने राखणे ज्याच्या हिताचे आहे, त्याला हक्क नाकारून ते राखले जाईल कसे? उद्याची खात्री नसलेला माणूस आजचेच गवत ओरबाडतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. समारंभांपेक्षा एक काम अगत्याचे आहे: झुडपी जंगलावर रोपवनाचा पहिला खड्डा खणण्यापूर्वी ग्रामसभांनी चराईचे सामूहिक दावे करावेत आणि शासनाने ते निकाली काढावेत. माळ वनखात्याच्या नोंदीत राहो. त्यावरील गवळी मात्र नोंदीबाहेर राहता कामा नये.