बांगड्या मोडण्याआधी

गेल्या महिन्यात मिरजेहून एका भगिनीचे पत्र आले. त्यांची लेक बी.एस्सी. झाली आहे आणि तिला ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ व्हायचे आहे. सहा महिन्यांच्या एका ऑनलाइन कोर्सची फी दीड लाख रुपये आहे. मुलीच्या अब्बांचे छोटे किराणा दुकान, हाताशी एवढी रक्कम नाही. शेवटी त्या विचारतात, "माझ्या बांगड्या मोडू का?"

आमचे उत्तर आधीच देतो. आत्ता मोडू नका. लेकीला तीन महिने द्या. त्या तीन महिन्यांत काय करायचे, ते या वेळी सांगतो.

आधी हे काम समजून घेऊ. तुमच्याच दुकानात कदाचित तो बोलका डबा असेल. गिऱ्हाइकाने क्यूआर कोडवर पैसे भरले की डबा रक्कम मोठ्याने सांगतो. तो नव्हता तेव्हा दुकानदाराला दर वेळी हातातला तराजू सोडून मोबाइल पाहावा लागे. गर्दीत एखादा खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघूनही जाई. ही अडचण नेमकी ओळखायची, ती किती जणांना आहे हे तपासायचे. आवाज कोणत्या भाषेत हवा, वीज गेली तर काय, महिन्याचे भाडे किती परवडेल, हे ठरवायचे. मग इंजिनिअर, डिझायनर आणि विक्रीची माणसे यांना एकत्र घेऊन ती वस्तू उभी करायची. हे सारे प्रॉडक्ट मॅनेजरचे काम. तो सहसा या लोकांचा साहेब नसतो, म्हणून हुकूम सोडून चालत नाही, पटवून द्यावे लागते.

या कामाचे मूळ एका टिपणात सापडते. 1931 साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकएलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाची जाहिरात पाहत असे. एका मालाची सर्व जबाबदारी एकाच माणसावर असावी, असे त्याने तीन पानांत लिहून वरिष्ठांना दिले. पुढे तो त्या कंपनीचा प्रमुख झाला आणि नंतर देशाचा संरक्षणमंत्रीही. डॉक्टरला किंवा सीएला परवाना लागतो, तसा या कामाला आजही लागत नाही. अडचण ओळखून ती स्पष्ट मांडता येते का, एवढे पाहिले जाते. ते विकत मिळत नाही, सरावाने येते. आणि सरावाची साधने बरीचशी मोफत आहेत.

पहिला महिना आकडेमोडीचा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिस कॅल्कचे धडे मराठीतून मोफत आहेत. स्प्रेडशीटची भीती तिथे जाते. त्यानंतर एसक्यूएल, म्हणजे माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा. ‘एसक्यूएलबोल्ट’ आणि ‘खान अकॅडमी’ या दोन्ही ठिकाणी ती मोफत शिकता येते. धडे इंग्रजीत आहेत, पण रोज एक तास दिला तर महिन्याभरात पायापुरते येते.

दुसरा महिना वाचनाचा. पहिले पुस्तक रॉब फिट्झपॅट्रिक यांचे ‘द मॉम टेस्ट’. छोटे आणि सोपे आहे. माझी कल्पना कशी वाटते, असे अम्मीला विचारले तर ती मायेपोटी छानच म्हणणार. म्हणून कल्पनेबद्दल विचारूच नये, समोरच्याने आजवर काय केले ते विचारावे, हे त्याचे सार. त्यानंतर मार्टी केगन यांचे ‘इन्स्पायर्ड’. मुलाखतीची तयारी करायची वेळ आली की ‘क्रॅकिंग द पीएम इंटरव्ह्यू’. तिन्ही एकदम विकत घेऊ नका, एक संपल्यावर दुसरे. स्वयंपाकघरात हात चालू असताना लेनी रचित्स्की यांचे पॉडकास्ट ऐकता येईल, या क्षेत्रातली नामवंत माणसे तिथे बोलतात आणि इंग्रजीही कानावर पडते. शिस्तीने कोर्सच करायचा असेल तर ‘कोर्सेरा’वर व्हर्जिनिया विद्यापीठाचा डिजिटल प्रॉडक्ट मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम आहे. फी परवडत नसेल तर तिथे आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो.

तिसरा महिना सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याची प्रयोगशाळा तुमच्या घरीच आहे. लेकीने अब्बांच्या उधारीच्या वहीपासून सुरुवात करावी. मग बाजारातल्या दहा दुकानदारांशी बोलावे. "उधारीचे अ‍ॅप काढले तर वापराल का?" असे विचारले तर सगळे हो म्हणतील आणि कोणी वापरणार नाही. त्याऐवजी विचारावे, "मागच्या वेळी उधारी अडकली तेव्हा काय केलेत?" उत्तरे स्प्रेडशीटमध्ये भरावीत. मग एकच पान लिहावे: अडचण कोणाची, किती वेळा येते, आज लोक काय करतात, आपण काय सुचवतो, ते जमले हे कशावरून कळेल. अशी तीन पाने वेगवेगळ्या अडचणींवर तयार झाली, की मुलाखतीत दाखवायला स्वतःचे काम असेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नवख्या उमेदवाराला थेट प्रॉडक्ट मॅनेजरची जागा क्वचित मिळते. गूगलने 2002 मध्ये नवख्यांसाठी ‘असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर’ योजना सुरू केली, तशा जागा इतरत्रही निघतात, पण स्पर्धा फार. बरेच जण ग्राहक सेवा, सॉफ्टवेअर चाचणी किंवा डेटा विश्लेषण अशा दारातून आत येतात आणि वर्षा-दोन वर्षांत इकडे वळतात. त्या नोकऱ्या कमी लेखू नका. ग्राहकाचे रडगाणे रोज ऐकणाऱ्याला त्याची अडचण आधी कळते.

तीन महिन्यांनंतरही कोर्स करावासा वाटला तर जरूर करावा. पण फी भरण्याआधी चार गोष्टी पाहा. शिकवणारे स्वतः हे काम करतात का? संस्थेने निवडलेले नव्हे, तुम्ही शोधलेले तीन जुने विद्यार्थी काय सांगतात? मध्येच सोडल्यास किती पैसे परत, हे कागदावर आहे का? आणि ‘सोपे हप्ते’ म्हणजे मुलीच्या नावावर कर्ज तर नाही ना? तसे असेल तर कोर्स सुटला तरी हप्ते सुटत नाहीत.

भगिनींनो, बांगड्या डब्यातच राहू द्या. त्याऐवजी लेकीला रोज दोन तास घरकामातून मोकळीक द्या आणि बाजारात दहा माणसांशी बोलायला जाऊ द्या. या तीन महिन्यांत तिला तुमच्याकडून हेच लागणार आहे. तिचे पहिले पान तयार झाले की आम्हाला जरूर पाठवा. आम्ही मनापासून वाचू, आणि अम्मीसारखे नुसतेच छान म्हणणार नाही.