गादी रिकामी असताना: पोलंडचे आर्चबिशप, गोव्याचे आर्चबिशप आणि एक मराठी प्रश्न

१/ कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे इतिहासप्रेमी मित्रांना ठाऊक आहेच. त्या छावणीत त्यांनी शाळा चालवल्या आणि चर्च उभे केले. ज्यांचा देश १७९५ मध्ये आणि पुन्हा १९३९ मध्ये शेजाऱ्यांनी वाटून घेतला, त्या लोकांनी आपली भाषा आणि आपले चर्च एकाच गाठोड्यात बांधून आणले होते. पोलंडमध्ये या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या कशा गुंतल्या? आणि आपल्या शेजारच्या गोव्यात तसे का घडले नाही? हा धागा त्या प्रश्नासाठी आहे.

२/ माझे मत आरंभीच मांडतो. धर्मपीठावर बसलेला माणूस लोकांचा ठरतो की सत्तेचा, हे त्याच्या धर्मावरून ठरत नाही. त्याची मुळे कोणत्या मातीत आहेत, त्याची नेमणूक कोणाच्या हाती आहे आणि तो लोकांच्या भाषेशी कसा वागतो, या तीन गोष्टींवरून ते ठरते. पोलंड आणि गोवे यांची तुलना करण्याचे कारण एवढेच की, पंथ तोच, पद तेच, आणि निष्पत्ती मात्र जवळजवळ उलट.

३/ प्रथम पोलंड. ग्नीएझ्नो येथील आर्चबिशपचे पीठ इसवी सन १००० मध्ये स्थापन झाले. पहिले आर्चबिशप गाउदेंतियुस हे पोलिश नव्हते. ते चेक होते. म्हणजे आरंभी तेथेही धर्माधिकारी बाहेरूनच आले. परंतु हे पीठ जर्मन आर्चबिशपच्या हाताखाली न राहता थेट रोमशी जोडले गेले. ज्या काळात राज्याची सीमा तलवारीने रोज बदलत होती, त्या काळात देशाला स्वतःचे धर्मपीठ असणे हा स्वतंत्र अस्तित्वाचा मोठाच दाखला होता.

४/ तेराव्या शतकात पोलंड लहानलहान सरदारांत विखुरला होता. त्या वेळी आर्चबिशप याकुब श्विंका यांनी दोन कामे केली. १२८५ च्या धर्मसभेत त्यांनी असा नियम करवला की, चर्चच्या शाळांत पोलिश भाषा जाणणाराच शिक्षक नेमावा. आणि १२९५ मध्ये त्यांनी प्शेमिस्वाव दुसरा याला राज्याभिषेक करून दोन शतके रिकामी असल्यासारखी असलेली राजपदाची कल्पना पुन्हा जागी केली. भाषा आणि मुकुट, दोन्ही एकाच हातांनी सावरले. हा १२८५ चा नियम लक्षात ठेवा. पुढे गोव्यात आपल्याला त्याची उलटी प्रत दिसणार आहे.

५/ १५७२ मध्ये राजा सिगिस्मुंड ऑगस्ट निपुत्रिक वारला आणि राजवंश संपला. तेथून पुढे उमराव नवा राजा निवडू लागले. एक राजा गेल्यापासून दुसरा निवडला जाईपर्यंत गादी रिकामी. या काळात राज्य कोणाच्या नावाने चालावे? उत्तर ठरले: ग्नीएझ्नोचे आर्चबिशप. त्या वेळचे आर्चबिशप याकुब उखान्स्की हे पहिले असे ‘अंतरिम राजे’. पुढे राजनिवडणुकीची पद्धत टिकली तोवर हा मान त्याच पीठाकडे राहिला.

६/ आर्चबिशपच का? यामागची युक्ती मोठी व्यवहारी आहे. ब्रह्मचारी धर्मगुरूला औरस वारस नसतो. त्यामुळे तो गादीवर बसला तरी आपला वंश स्थापू शकत नाही. आपल्याकडे नारायणरावाच्या खुनानंतर १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावाच्या नावाने बारभाईंनी कारभार सांभाळला, तेव्हाही पेच हाच होता: सत्ता सांभाळील, पण गिळणार नाही, असा हात कोठून आणायचा? आपण तो अनेकांत वाटला. पोलंडने तो एका धर्मपीठाला दिला.

७/ आता गोवे. पहिले आर्चबिशप गास्पार द लियांव १५६० मध्ये तेथे उतरले. त्याच वर्षी इन्क्विझिशनही सुरू झाले. या दोन संस्था आपण सरसकट एक मानतो. त्या वेगळ्या होत्या, आणि त्यांच्यात अनेकदा तंटेही होत. इन्क्विझिशनचे अधिकारी लिस्बनला उत्तरदायी होते. पण वेगळ्या होत्या म्हणून आर्चबिशप निर्दोष ठरत नाहीत. १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने एकीकडे सांगितले की, बळजबरीने कोणाला बाप्तिस्मा देऊ नये. आणि त्याच सभेने हिंदूंचे विधी बंद करण्याची, त्यांच्या धर्मोपदेशकांना हाकलण्याची मागणी राजसत्तेकडे केली. तत्त्व एक आणि वहिवाट दुसरी, याचा इतका उघड नमुना क्वचित सापडतो.

८/ गोव्यातही गादी रिकामी पडत असे. मात्र ती राजाची नव्हे, विजरईची. लिस्बनला पत्र जाऊन उत्तर येण्यास दीड-दोन वर्षे लागत. म्हणून मोहोरबंद वारसपत्रे आधीच गोव्यात ठेवलेली असत. विजरई वारला की ती फोडायची आणि आत ज्याचे नाव निघेल त्याने कारभार हाती घ्यायचा. १६०७ मध्ये विजरई मार्तिं आफोंसु द कास्त्रु मलाक्का येथे मरण पावला आणि सत्ता आली आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांच्याकडे. १६०९ पर्यंत पोर्तुगीज हिंदुस्थानचा कारभार त्यांनीच पाहिला.

९/ हे तेच मेनेझिस, ज्यांनी १५९९ मध्ये केरळातील उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून तेथील प्राचीन सिरियन ख्रिस्ती परंपरेला रोमच्या व पोर्तुगालच्या चौकटीत बसवण्याचा घाट घातला. ख्रिस्ती लोकांचीच जुनी पुस्तके त्या मोहिमेत जाळली गेली. येथे थांबून विचार करा: झगडा हिंदू विरुद्ध ख्रिस्ती एवढाच असता, तर हे घडायचे कारण नव्हते. झगडा स्थानिक विरुद्ध साम्राज्य असाही होता. मेनेझिस पुढे पोर्तुगालला परतले, ब्रागाचे आर्चबिशप झाले आणि काही काळ पोर्तुगालचे विजरईही झाले. त्यांच्या दृष्टीने गोवे हा कारकिर्दीतला एक मुक्काम होता.

१०/ आपल्या इतिहासाशी याहून जवळचा सांधा अठराव्या शतकात आहे. १७२१ च्या अखेरीस विजरई सांपायु इ कास्त्रु याने इंग्रजांशी हातमिळवणी करून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर स्वारी केली. ती फसली आणि १७२२ च्या आरंभी पोर्तुगिजांना मराठ्यांशी तह करावा लागला. १७२३ मध्ये तो विजरई वारला. नंतर कारभार आलेल्या मंडळात आर्चबिशप इनासियु द सांता तेरेझा हे एक सदस्य होते. १७३२ मध्येही तेच घडले. म्हणजे पहिल्या बाजीरावाच्या ऐन काळात गोव्याच्या सत्तेवर दोनदा आर्चबिशपचा हात होता. १७३९ मध्ये इकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिकडे व्यंकटराव घोरपड्यांची फौज साष्टीत शिरली, तेव्हाही तेच आर्चबिशप पदावर होते.

११/ तर मग फरक कोठे? दोन्हीकडे आर्चबिशपच रिकामी गादी राखत होते! फरक समजण्यासाठी आपल्याच मुलखातले दोन शब्द पुरेत: वतनदार आणि कमाविसदार. इंदापूर-बारामतीकडच्या, लोणी देवकरसारख्या कोणत्याही गावात जुन्या माणसांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही. पाटील-देशमुखांचे वतन मातीला बांधलेले. राज्य कोणाचेही आले तरी ते गाव सोडून जात नाहीत. कमाविसदार मात्र वरून नेमून येतो, वसूल करतो आणि बदली होताच निघून जातो.

१२/ पोलंडचा आर्चबिशप वतनदारासारखा होता: त्याच देशातील उमरावांच्या घराण्यातला, जमीनजुमला तेथेच, भाषा तीच. गोव्याचा आर्चबिशप कमाविसदारासारखा होता. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या ‘पाद्रुआदो’ या हक्कानुसार त्याचे नाव लिस्बन सुचवीत असे. म्हणून पोलंडमध्ये रिकामी गादी राखणारा आपल्या लोकांसाठी राखत होता; गोव्यात राखणारा समुद्रापलीकडच्या धन्यासाठी.

१३/ आता भाषेकडे वळू. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले: मराठी, ओवीबद्ध, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, आणि चर्चच्या अनुमतीने. त्या क्षणी गोव्याच्या चर्चपुढे पोलंडसारखी वाट मोकळी होती. पण १६८४ मध्ये, संभाजी महाराजांच्या स्वारीनंतर लगेचच, विजरईने देशी भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला. आणि १७४५ मध्ये आर्चबिशप लोरेन्सू द सांता मारिया यांनी पोर्तुगीज न येणाऱ्यास पाद्री होता येणार नाही, असे फर्मावले. श्विंकांच्या १२८५ च्या नियमाशेजारी हा १७४५ चा नियम ठेवून पाहा. सारा धागा या दोन वाक्यांत आहे.

१४/ याचा सर्वांत मोठा घाव कोणाला बसला? गोमंतकीय ख्रिस्ती पाद्र्यांनाच. शिकलेले, दीक्षा घेतलेले हे लोक. पण वरच्या जागा युरोपियनांसाठी राखलेल्या. या अपमानाची परिणती १७८७ च्या ‘पिंटोंच्या कटा’त झाली. कटाच्या सूत्रधारांत पाद्रीच होते. तो फुटला आणि १७८८ मध्ये पंधरा जणांना मृत्युदंड झाला. धर्म स्वीकारला म्हणजे सत्ता आपली मानील, ही आशा किती पोकळ होती, हे त्या लोकांनी प्राण देऊन शिकले.

१५/ येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: पोलंडचे सगळे धर्माधिकारी काय देशभक्तच होते? मुळीच नाही. १७९४ च्या कोश्चुश्कोच्या उठावात रशियाची बाजू घेतल्याबद्दल दोन बिशपांना वॉर्सामध्ये फाशी देण्यात आले. त्याच वर्षी वारलेले आर्चबिशप मिखाव पोन्यातोव्स्की हे राजाचे सख्खे भाऊ. त्यांच्यावरही लोकांचा फितुरीचा संशय होता. आपले वतनदार तरी कोठे सगळे स्वराज्याच्या बाजूने उभे राहिले? मातीत मुळे असणे ही निष्ठेची हमी नव्हे. पण मुळेच नसतील, तर निष्ठेचा प्रश्नच निर्माण होत नाही.

१६/ आता विसावे शतक. १९५३ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने हुकूम काढला: चर्चमधील नेमणुकांना सरकारची संमती हवी. आर्चबिशप स्तेफान विशिन्स्की यांनी स्पष्ट नकार कळवला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांना अटक झाली. सुटका झाली ती १९५६ मध्ये. भांडण कशावरून पेटले ते पाहा. नेमणूक कोणी करायची यावरून! जो हक्क लिस्बनने गोव्यात शतकानुशतके बिनबोभाट वापरला, त्याच हक्कासाठी वॉर्सातला आर्चबिशप तीन वर्षे कैदेत राहिला. त्यांचे सहकारी, क्राकुवचे आर्चबिशप करोल वोयतिवा १९७८ मध्ये पोप झाले.

१७/ आपल्याकडे मुंबईचे उदाहरण बोलके आहे. १९२८ च्या करारानुसार तेथे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असायचे. भारतीयाचे नाव त्या हिशेबातच नव्हते. १९३७ मध्ये आलेले इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स १९४६ मध्ये आपण होऊन दूर झाले, ते आपली जागा भारतीयाला मिळावी म्हणून. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. गोव्यात मात्र गोमंतकीय आर्चबिशप येण्यास १९७८ उजाडले: राऊल गोन्साल्विस. गास्पार द लियांव उतरल्यापासून मोजली तर चारशे अठरा वर्षे.

१८/ हे सगळे आज कशासाठी? कारण गोव्याच्या इतिहासावर समाजमाध्यमांत दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, सगळे पाद्री राक्षस. दुसरा म्हणतो, सगळे संत. पहिला सूर आळवताना आपण स्टीफन्सची मराठी आणि पिंटोंचा मृत्युदंड विसरतो. दुसरा सूर आळवताना जळालेली पुस्तके आणि बंद पडलेल्या पूजा विसरतो. दोन्ही सुरांत एकच खोट आहे: माणसाला त्याच्या संस्थेबाहेर काढून तोलणे. आणि पहिल्या सुराची किंमत आज गोव्यात, वसईत, पुण्यात राहणारे आपलेच ख्रिस्ती बांधव मोजतात, ज्यांच्या पूर्वजांना त्याच सत्तेने दुय्यम ठरवले होते.

१९/ म्हणून तरुण वाचकांना एवढेच सुचवतो. कोणताही धर्माधिकारी, मग तो आर्चबिशप असो, मठाधिपती असो, काझी असो वा देवस्थानचा विश्वस्त, इतिहासात भेटला की तीन प्रश्न विचारा. याला कोणी नेमले? हा कोणत्या भाषेत बोलला? आणि गादी रिकामी झाली तेव्हा याने ती कोणासाठी राखली? उत्तरे कागदपत्रांत सापडतात. त्यासाठी कोणाच्या श्रद्धेवर चिखलफेक करावी लागत नाही.

धागा येथे पुरा करतो. पुढील धागा वसईच्या १७३९ च्या तहावर, त्यातील ख्रिस्ती रहिवाशांच्या उपासनेच्या कलमासह.